घुबडावरचा काप

निंबा आप्पांनी सुरतेतल्या नवागामातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं सोनंचांदी तपासलं होतं. राहिलं होतं फक्त त्यांचं स्वतःचं एक नाणं. ही गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती, पण आप्पांना तोंडावर विचारायची कुणाची छाती नव्हती. मीही त्यांतलाच. मराठी शाळेत मुलांना इतिहास शिकवतो, म्हणजे भित्रेपणाची सवय मला तशी जुनीच आहे.

आप्पा खानदेशातल्या शिंदखेड्याकडचे. सुरतेत कधी आले, का आले, हे मी विचारलं नाही. आमच्या गल्लीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही, कारण सगळ्यांचं उत्तर एकच असतं. बुटका, वाळका माणूस. पांढरा सदरा, त्याला पोटावर मोठा खिसा, खिशाला बटण. त्या खिशात काळा कसोटीचा दगड, तेजाबाची इवलीशी बाटली आणि बोटाएवढी छिन्नी. तेजाबानं डाव्या हाताचा अंगठा कायमचा पिवळा पडलेला. लोक खिशात तंबाखू बाळगतात तसे आप्पा हे सामान घेऊन फिरायचे, आणि तंबाखूवाल्याला जशी मधूनमधून तल्लफ येते तशी त्यांनाही यायची.

कतारगामच्या एका जरीच्या कारखान्यात ते कस लावायला बसत. खरी जरी म्हणजे चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. खोटी जरी म्हणजे तांब्याची तार आणि वर चांदीचं पाणी. अलीकडे प्लास्टिकची तिसरी जरी आली, ती दोघींपेक्षा जास्त चमकते आणि लग्नात तीच उठून दिसते. आप्पांनी उभा जन्म पहिली आणि दुसरी यांतला फरक सांगण्यात काढला. पुढे कारखान्यात पहिली जवळजवळ बंदच झाली, तरी शेठनं आप्पांना काढलं नाही. दाराशी एक गादी, त्यावर आप्पा, पुढ्यात दगड. बाहेरगावचा व्यापारी आला की शेठ त्यांच्याकडे हात करून म्हणे, आमच्याकडे अजून कस लावणारा माणूस बसतो. एकदा एका व्यापाऱ्यानं हातातला साडीचा काठ सरळ आप्पांपुढे धरला. आप्पांनी घासला, थेंब टाकला आणि शेठच्या देखत सांगितलं, "तांबं शे." त्या दिवसापासून गादी दारापासून हलली आणि आतल्या गोदामाशेजारी गेली.

अहिराणीत शे म्हणजे आहे, आणि आप्पांचं सारं तत्त्वज्ञान त्या दोन शब्दांत होतं. चांदी असली तर "चांदी शे", नसली तर "तांबं शे". आवाज दोन्ही वेळेला एकच. चांदीला आनंद नाही, तांब्याला दुःख नाही. डॉक्टरसुद्धा रिपोर्ट सांगताना जरा खाकरतात. आप्पा तेवढीही सवलत देत नसत.

या गुणापायी त्यांना लग्नाची आमंत्रणं येईनाशी झाली. कोसाडला एका लग्नात मुलाकडच्यांनी सुनेला पैंजण घातले. बायका कौतुकानं बघत होत्या. कुणीतरी गमतीनं म्हणालं, आप्पा, बघा बरं कसे आहेत. आता आप्पांशी असल्या गोष्टीत गंमत करायची नसते. त्यांनी नवरीला पाय पुढे करायला लावला, पाटापाशी उकिडवे बसले, पैंजणाचा घुंगरू दगडावर घासला आणि निकाल दिला. मांडवात जे झालं ते सांगत नाही. अखेर मुलाच्या मामानं आपल्या बायकोचे पैंजण काढून दिले तेव्हा अंतरपाट धरला गेला. त्यानंतर आमच्या समाजात लग्नाची तारीख काढताना भटजींच्या जोडीनं आप्पांचीही चौकशी व्हायला लागली: त्या दिवशी ते गावाला आहेत का?

अशा माणसाला ग्रीक लोकांचा नाद लागावा, हे अजून मला नीट उलगडलेलं नाही. निमित्त एका रंगीत पुस्तकाचं झालं. शेठकडे कुणी परदेशी गिऱ्हाईक आलं होतं, ते जुन्या नाण्यांच्या लिलावाची एक जाडजूड यादी विसरून गेलं. शेठनं ती रद्दीत टाकली, आप्पांनी उचलली आणि एका रविवारी माझ्याकडे घेऊन आले. "गुरुजी, हाई काय लिखेल शे?" म्हणाले. मी चष्मा लावून वाचायला बसलो. पुढचे कितीतरी रविवार आमचे त्यातच गेले. मी इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं आणि आप्पांनी ते अहिराणीत पक्कं करायचं.

ग्रीकांच्या शेजारी लिडिया नावाचं राज्य होतं. तिथल्या नदीच्या वाळूत सोनं आणि चांदी एकत्र मिसळलेली सापडायची. त्या मिसळीचे गोळे करून त्यांच्यावर सिंहाचं तोंड ठोकलं, ती म्हणे पहिली नाणी. हे ऐकून आप्पांनी पहिला प्रश्न विचारला तो तिथल्या राजाबद्दल नाही. त्यात सोनं किती आणि चांदी किती, हे लोकांना कळायचं कसं, असं त्यांनी विचारलं. मी पान उलटलं. तिथे लिहिलं होतं की सोन्याचा कस काळ्या दगडावर घासून बघायची रीत त्याच मुलुखाच्या नावानं ओळखली जाते. आप्पांनी खिशाचं बटण उघडलं, आपला दगड काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. वंशावळीत एकदम राजा सापडावा तसं त्यांचं तोंड झालं होतं. पुढे त्या लोकांनी सोनं वेगळं केलं, चांदी वेगळी केली आणि दोहोंची वेगवेगळी नाणी पाडली, हे वाचल्यावर तर ते मांडी थोपटून म्हणाले, हे खरे कारागीर.

मग हा इतिहास चहाच्या टपरीवर गेला. लूमवरची, म्हणजे यंत्रमागावरची, पाळी सुटली की आठदहा जण तिथे असायचे, त्यांना आप्पा एजिना बेटाचं चांदीचं कासव सांगायचे, कोरिंथचा पंखांचा घोडा सांगायचे आणि शेवटी अथेन्सचं घुबड. अथेन्सच्या जवळ चांदीच्या खाणी होत्या, म्हणून त्यांचं घुबड दूरदेशी चालायचं. पण दूरदेशीचा व्यापारी शहाणा. तो नाण्यावर छिन्नी ठेवून एक घाव घालायचा आणि आत चांदीच आहे ना, बघून घ्यायचा. असे काप पडलेली कितीतरी घुबडं आज सापडतात. ही गोष्ट आप्पा सर्वांत रंगवून सांगत. "अथेन्सवाले" हा शब्द ते सुरतेतल्याच अडाजण भागातल्या लोकांना "अडाजणवाले" म्हणावं तसा वापरायचे, त्यामुळे निम्म्या लोकांची समजूत अशी झाली की ही कुणी मोठी पार्टी आहे आणि आप्पा लवकरच तिकडे कामाला लागणार. एकानं तर, अथेन्सवाले दिवाळीची सुट्टी किती दिवस देतात, अशी चौकशीही केली.

आणि एके दिवशी घुबड सुरतेत आलं. तापीकाठी जुन्या सामानाचा बाजार भरतो, तिथे मोडके पंखे, एकेक पायाचे बूट आणि कुलपाविना किल्ल्या यांच्या ढिगात आप्पांना ते दिसलं. जाड, वेडंवाकडं गोल. एका अंगाला बाईचं तोंड, दुसऱ्या अंगाला मोठ्या डोळ्यांचं घुबड, पानांची डहाळी आणि तीन अक्षरं. आप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं आणि नाणं घेतलं. घासाघीस केली नाही. ज्या माणसानं सुनेचे पैंजण सोडले नाहीत, त्यानं त्या नाण्याला दगडसुद्धा लावला नाही.

मी यादीतल्या चित्राशी ताडून बघितलं. दिसायला तंतोतंत. इतकं तंतोतंत की घुबडाची पिसं मोजता येत होती. कारखान्याच्या काट्यावर त्यांनी वजन केलं, ते यादीतल्यापेक्षा बरंच कमी भरलं. मी जरा चाचरत तसं म्हणालो.

"घसाई गयं, गुरुजी," आप्पा म्हणाले. "अडीच हजार वरीस फिरनं ते."

वजन झिजलं आणि पिसं तेवढी शाबूत राहिली, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी चहा घेतला. कस लावून बघा, असंही एकदा आडवळणानं सुचवलं. त्यावर ते म्हणाले की इतकी वर्षं टिकलेल्या वस्तूवर ओरखडा काढणारे आपण कोण. जरीवाल्यांच्या भाषेत याला काय म्हणतात ठाऊक नाही, आमच्या शाळेत याला प्रेम म्हणतात आणि त्याच्यावर उपाय नसतो.

घरात मात्र घुबडाचं स्वागत वाईट झालं. आप्पांच्या बायकोला आम्ही सगळे जिजी म्हणत असू. जिजींनी नाणं बघितलं आणि हात झटकले. "घरमा घुबड? बाहेर काढा त्याले," म्हणाल्या. आमच्याकडे छपरावर घुबड बोललं तरी बायका दारात मीठ ओवाळून टाकतात, इथे तर ते घरात येऊन बसलेलं. आठ दिवस आप्पा नाणं खिशात घेऊन झोपले. मग शेजारच्या कांताबेन वाटीभर साखर मागायला आल्या, त्यांना ते दिसलं आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. "जिजी, आ तो लक्ष्मीजीनुं वाहन छे," म्हणाल्या. झालं. त्या संध्याकाळी घुबड देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी बसलं.

त्या वर्षीपासून लक्ष्मीपूजनाला आमच्या गल्लीत नवीन रीत पडली. आप्पांचं घुबड घरोघर फिरायला लागलं. आधी जिजींच्या ताटात, मग कांताबेनकडे, मग समोरच्या रेखावहिनींकडे, मग आमच्याकडे, असं करत शेवटच्या खोलीपर्यंत. प्रत्येक ठिकाणी त्याला दुधानं अंघोळ, हळदकुंकू, झेंडूचं फूल. आप्पा मागोमाग मऊ फडकं घेऊन. एका घरचं कुंकू पुसून दुसऱ्या घरी द्यायचे आणि देताना न चुकता सांगायचे की ही लक्ष्मी नाही, अथीना नावाची देवी आहे, तिचं हे घुबड शहाणपणाचं. बायका हो म्हणायच्या आणि शहाणपण बाजूला ठेवून पैशाची प्रार्थना करायच्या. आप्पा चिडल्यासारखं दाखवायचे, पण त्या संध्याकाळी त्यांचा सदरा इस्त्रीचा असायचा.

आमच्या समाजमंडळाचे अध्यक्ष नानासाहेब. मजूर पुरवायचा ठेका, दोन बोटांत तीन अंगठ्या आणि स्टेजवर बोलताना एकदम शुद्ध मराठी. त्यांच्या मनात आलं की लूमवर आयुष्य घालवून घरी बसलेल्या जुन्या कामगारांचा सत्कार करावा आणि प्रत्येकाला चांदीचं नाणं द्यावं. कल्पना चांगली होती. नाणं तयार होऊन आलं तेव्हा त्याच्या एका अंगाला समाजाचं नाव होतं आणि दुसऱ्या अंगाला खुद्द नानासाहेब, फेट्यासकट. आप्पांनी ते लांबूनच बघितलं आणि मला म्हणाले की पहिल्या नाण्यांवर सिंह होता, कासव होतं, घुबड होतं. जिवंत माणसानं आपलं तोंड नाण्यावर टाकायला पुढे कैक पिढ्या लागल्या, तोपर्यंत राजांनासुद्धा लाज वाटत असावी.

नानासाहेब हुशार. आप्पांनी नुसतं "चांदी शे" म्हटलं तर त्या नाण्याला जी किंमत येईल ती कुठल्याही शिक्क्यानं येणार नाही, हे ते ओळखून होते. ते स्वतः आप्पांच्या खोलीवर आले. समाजाच्या हॉलमध्ये दर्शनी भिंतीला काचेचं कपाट करायचं, आत दिवा, मखमलीवर आप्पांचं घुबड आणि खाली पाटीवर आप्पांचं पूर्ण नाव. आप्पांनी फक्त सत्काराच्या दिवशी स्टेजवर येऊन दोन शब्द बोलायचे. कोणते दोन, ते सांगायची गरज नव्हती. कपाट आठ दिवसांत तयारही झालं. मी आणि आप्पा ते बघायला गेलो. आत दिवा लावून दाखवला तेव्हा आप्पांनी काचेवर हात ठेवला. ज्या माणसाची गादी दारापासून गोदामाशेजारी सरकवली गेली होती, त्याला कुणीतरी दिव्याखाली जागा देत होतं. त्यांना ते हवं होतं. फार हवं होतं. मला ते बघवलं नाही.

सत्काराला हॉल गच्च भरला होता. कामगारांना ओळीनं बसवलेलं, गळ्यात हार. नाणी वाटून झाली. नानासाहेबांनी माईकवर आप्पांची ओळख करून दिली, ग्रीक नाण्यांचे अभ्यासक वगैरे म्हणाले आणि नाण्याबद्दल दोन शब्द बोलायची विनंती केली. आप्पा उठले. तेवढ्यात पहिल्या रांगेतले दगाभाऊ पुढे आले. कानांनी लूमच्या खडखडाटात कधीच राजीनामा दिलेला, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. त्यांनी आपलं नाणं आप्पांच्या हातात दिलं.

"चाळीस वरीस काढात लूमवर, आप्पा," ते म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे ते मोठ्यानं बोलत आणि माईकनं ते आणखी मोठं केलं. "खरं सांगज्यात."

आप्पांनी दगाभाऊंकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कपाटाकडे. मग खिशाचं बटण उघडलं. दगड काढला नाही, छिन्नी काढली. नाणं टेबलावर ठेवलं, पाण्याचा तांब्या उचलून त्याच्या बुडानं छिन्नीवर एक ठोका दिला. घाव नेमका नानासाहेबांच्या नाकावर पडला. आप्पांनी नाणं डोळ्यांजवळ धरलं आणि दगाभाऊंच्या हातात परत दिलं.

"तांबं शे."

नानासाहेबांचा चेहरा लाल झाला. सराफानं फसवलं, असं आधी शुद्ध मराठीत म्हणाले, पण मागून कुणीतरी हसलं आणि त्यांचा तोल गेला. राग आल्यावर माणूस आपल्या भाषेत येतो.

"मंग तुमनं घुबड बी कापा ना, आप्पा. सर्वासले दखू द्या."

ते घुबड आप्पांच्या खिशातच होतं, कपाटात ठेवायचं म्हणून इस्त्रीच्या रुमालात गुंडाळून आणलेलं. नाही म्हणायला कारणं हजार होती. वस्तू प्राचीन आहे म्हणता आलं असतं आणि ते लोकांना पटलंही असतं. पण पुढे दगाभाऊ उभे होते, हातात नाक तुटलेलं नाणं घेऊन. स्वतःचं न कापता दुसऱ्याचं कापणाऱ्याचा शब्द दगाभाऊंच्या काय कामाचा, हे आप्पांना माझ्या आधी कळलं. मी खुर्चीत अर्धा उठलो होतो. का, ते मला सांगता येणार नाही. बहुतेक थांबवायला.

आप्पांनी रुमाल उलगडला. घुबड टेबलावर ठेवलं. छिन्नी दोनदा सरकवली, घुबडाचे डोळे वाचवून पंखाच्या खाली धरली. ठोका दिला. मग ते नाणं डोळ्यांजवळ नेलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस पहिल्यांदा खोटं बोलेल आणि त्याचं कुणाला काही वाटणार नाही.

"तांबं शे," आप्पा म्हणाले.

आवाज तोच. शेठच्या काठाला होता तोच, सुनेच्या पैंजणाला होता तोच. मी इतकी वर्षं त्या आवाजाची टर उडवली होती. त्या दिवशी मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आप्पांनी रुमालाची घडी घातली, नाणं खिशात टाकलं, बटण लावलं आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून घरी गेले.

पुढे रिवाजाप्रमाणे सगळं झालं. मंडळानं पत्रक काढलं की नाण्याचा धातू महत्त्वाचा नसून भावना शुद्ध आहे. नानासाहेब पुन्हा बिनविरोध निवडून आले. कपाट वाया जाऊ नये म्हणून त्यात त्यांच्या शाली आणि मानपत्रं ठेवली, आत दिवा आहेच. आप्पा मात्र रविवारी माझ्याकडे यायचे थांबले. टपरीवर अथेन्सचं नाव निघालं की उठून जायचे. एकदा मी यादीत शोधून मुद्दाम सांगायला गेलो की लढाईत वाईट दिवस आले तेव्हा अथेन्सनं स्वतःच तांब्यावर चांदी चढवून घुबडं पाडली होती, तेव्हा हे तसलंही असू शकेल. त्यांनी ऐकून घेतलं. गुरुजी, तुम्ही चांगले आहात, एवढंच म्हणाले.

दिवाळीच्या तोंडावर जिजींकडून कळलं की आप्पांच्या डोळ्यांना दिसेनासं झालंय, सुट्टी लागली की दोघं गावाला जाणार ते कायमचे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी त्यांच्या खोलीपाशी उभा होतो, तेवढ्यात समोरून रेखावहिनी ताट घेऊन आल्या आणि घुबड मागू लागल्या. आप्पा म्हणाले की ते खोटं आहे, सगळ्या गल्लीनं बघितलंय.

"लक्ष्मी काय आतलं दखस का, आप्पा?" वहिनी म्हणाल्या.

आप्पा आत गेले, नाणं आणलं, फडक्यानं पुसलं आणि ताटात ठेवलं. ठेवलं, पुन्हा उचललं, चाचपून उलटं केलं.

"काप वर ठेवजो," म्हणाले.

त्या संध्याकाळी घुबड नेहमीसारखं घरोघर फिरलं. आमच्या पाटावर आलं तेव्हा बायकोनं त्याला दूध घातलं, कुंकू लावलं. मी वर बघितलं तर आप्पा दारात उभे. आत या म्हटलं तर आले नाहीत. इस्त्रीचा सदरा घातला होता, हातात फडकं होतं. पाटावरचं त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, काप वर आहे ना. मी समई जरा पुढे सरकवली. पंखाखालचं तांबं लाल दिसत होतं. हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि भिंतीला हात लावत पुढच्या घराकडे गेले.